मोहरीची उशी

गेल्या महिन्यांत या सदरांत घरांतील जुन्या छायाचित्रांच्या जपणुकीविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, "घरांत उत्तम कॅमेरा आहे, शिकण्याची हौसहि आहे; परंतु शिकावें कोणापाशीं? वर्गांत नांव घालावें, ग्रंथ वाचावे, कीं दुकानदारास विचारावें?" वर्ग आणि ग्रंथ यांची योग्यता मी कमी मानीत नाहीं, पण त्यांच्याहि आधीं, आपल्याजवळ आहे तोच कॅमेरा बाळगणारें दुसरें माणूस शोधावें, असें मी सांगेन. हें उत्तर मला कसें सांपडलें, आणि त्याचा पुरता अर्थ कळण्यापूर्वीं माझ्या हातून केवढा अपराध घडत होता, तें आज सांगतों.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे लोणी काळभोरच्या अलीकडे मुळामुठेच्या कांठीं कवडीपाट नांवाची जागा लागते. नदी शहराची घाण वाहून आणते, कांठीं प्लास्टिकचा खच पडलेला असतो. तरी हिंवाळ्यांत चक्रवाक तेथें उतरतात, आणि शेकाट्या, शराटी, धोबी, खंड्या यांचा तर राबताच असतो. सात वर्षांपूर्वीं पौषांतील एका रविवारीं मी तेथें गेलों असतां एक वृद्ध गृहस्थ उभे दिसले. त्यांच्या गळ्यांत थेट माझ्यासारखाच कॅमेरा होता. परमुलुखांत आपल्या गांवचें माणूस भेटावें तसें आम्हां दोघांस झालें. नांवगांव विचारण्यापूर्वींच, "तुमचाहि पक्षी चौकटींतून निसटतो काय हो?" असा त्यांचा प्रश्न आला. ते एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक निघाले. पुढें एक औषधविक्रेते, एक बँकेंतील कारकून आणि एक महाविद्यालयीन विद्यार्थी असे आणखी तिघे मिळाले. आम्हां पांचांत वय, व्यवसाय, मिळकत यांचें कांहींच साम्य नाहीं. साम्य एवढेंच कीं, प्रत्येकाजवळ निकॉनचा पी ९०० आहे.

हा कॅमेरा २०१५ सालीं निघाला. भिंग न बदलतां तो २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंतच्या भिंगांचें काम देतो. म्हणजे दृश्य ८३ पट जवळ आणतो. वजन मात्र ९०० ग्रॅमच्या घरांत. एवढी दूरदृष्टि एवढ्याशा यंत्रांत मावली याचें इंगित असें कीं, प्रकाश टिपणारा आंतील पडदा फारच लहान, तुरीच्या दाण्याएवढा आहे. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यांचा पडदा क्षेत्रफळानें त्याच्या सुमारें ३० पट भरतो. लहान पडद्यावर प्रकाश थोडा पडतो, म्हणून संधिप्रकाशांत चित्रावर रवा दिसूं लागतो. शिवाय चित्राची जी मूळ कच्ची नोंद, जिला जाणते 'रॉ' म्हणतात, ती हा कॅमेरा ठेवीत नाहीं. या मर्यादा खऱ्या आहेत. आणि आमच्या स्नेहाचा पाया त्याच आहेत, असें मला वाटतें.

कारण असें. मोठीं महागडीं भिंगें बाळगणाऱ्या एका तज्ज्ञांस मीं विचारलें होतें कीं, सायंकाळीं माझीं चित्रें स्वच्छ येत नाहींत, तर काय करावें? त्यांनीं सौजन्यानें सांगितलें, "कॅमेरा बदला." उत्तर चूक नव्हतें, परंतु तें माझ्या उपयोगाचें नव्हतें. तोच प्रश्न मुख्याध्यापकांस केला तेव्हां ते म्हणाले, "सायंकाळचा नाद सोडा, सूर्योदयानंतरचे दोन तास धरा. आयएसओचा आंकडा होतां होईल तों ४०० च्या वर जाऊं देऊं नका. आणि भिंगानें जवळ जाण्याआधीं पायांनीं जवळ जा. मात्र पक्षी मान उंचावून तुमच्याकडे पाहूं लागला कीं तेथेंच थांबा." माझी अडचण हीच त्यांची अडचण असल्यामुळें त्यांनीं तिच्यावरचा मार्ग अगोदरच चालून पाहिला होता.

पक्षी निसटण्यावरचा उपाय औषधविक्रेत्यांनीं दाखविला. भिंग पुरतें लांबविल्यावर चौकटींत जेमतेम एक अंश रुंदीचें आकाश मावतें. पक्षी किंचित् हलला कीं नाहींसा होतो. भिंगाच्या नळीच्या बाजूस एक लहान बटण आहे. तें दाबून धरलें म्हणजे दृश्य तात्पुरतें रुंद होतें, पक्षी सांपडतो, आणि बटण सोडतांच भिंग पूर्वस्थितीस येतें. हें बटण वर्षभर माझ्या बोटाखालीं होतें आणि मला त्याचा पत्ता नव्हता! ऊन चढल्यावर पाण्यापलीकडचीं चित्रें थरथरलेलीं येतात, तो दोष कॅमेऱ्याचा नसून तापलेल्या हवेचा आहे, हें कारकुनांनीं समजाविलें. विद्यार्थ्यानें चंद्राचा धडा दिला. चंद्र पौर्णिमेस न काढतां शुद्ध अष्टमीच्या सुमारास काढावा. तेव्हां ऊन तिरपें पडून विवरांच्या कडांच्या सावल्या लांबतात आणि खोली दिसते. चंद्र सुमारें दोन मिनिटांत आपल्या व्यासाइतका सरकतो, म्हणून तिवईवरचा कॅमेराहि वरचेवर वळवावा लागतो.

असे सल्ले फुकट मिळूं लागले म्हणजे मनुष्यास ते देण्याचीहि चटक लागते. ती मला लागली.

गेल्या मार्गशीर्षांत मुख्याध्यापकांच्या शेजारच्या एक काकू आमच्याबरोबर आल्या. त्यांच्या यजमानांस पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. त्यांचा हाच कॅमेरा दोन वर्षें कपाटांत पडून होता. यजमान निवर्तल्यावर त्याला कोणीं हात लावला नव्हता. "यंत्र नुसतें ठेवून बिघडतें, दोन पैसे येताहेत तोंवर विकून टाकूं," असें चिरंजीवांचें म्हणणें होतें, आणि व्यवहारदृष्ट्या तें वावगें नव्हतें. काकू एवढेंच म्हणाल्या होत्या, "विकण्याआधीं एकदां मला चालवून पाहूं दे."

बॅटरी त्यांनीं भरून आणली होती. कॅमेरा सुरू करतांच त्यानें तारीख विचारली. बॅटरी फार दिवस मेलेली राहिली म्हणजे त्याचें घड्याळ बंद पडतें. तारीख लावून दिली. मग काकूंनीं एका बगळ्यावर नेम धरून बटण दाबलें, तों कार्डावर जागा उरली नाहीं अशी सूचना पडद्यावर आली. असल्या प्रसंगींचा आमचा उपाय ठरलेला आहे: कार्ड पुसून नव्यासारखें करावें. कॅमेरा मीं हातीं घेतला आणि एकेक पायरी उतरत, सर्व चित्रें पुसावींत काय, या प्रश्नापाशीं येऊन पोंचलों. अंगठा 'होय' म्हणण्याच्या बटणावर ठेवला.

"थांबा," मुख्याध्यापक म्हणाले. "आंत काय आहे हें काकूंना विचारलेंत काय?"

विचारलें नव्हतें. काकू म्हणाल्या, "ह्यांनीं काढलेलें कांहींतरी असेल. मला उघडतां येत नव्हतें, म्हणून पाहिलें नाहीं. मुलापाशीं कसें मागायचें?"

मीं अंगठा काढून घेतला. विद्यार्थ्यानें तें कार्ड बाहेर काढून त्याच्या कडेची बारीक खिटी सरकविली. असें केल्यानें कार्डावरचें कांहीं पुसलें जात नाहीं. मग त्यानें स्वतःजवळचें कोरें कार्ड काकूंच्या कॅमेऱ्यांत घातलें. त्या सायंकाळीं मुख्याध्यापकांच्या दिवाणखान्यांत आम्हीं तें जुनें कार्ड संगणकावर उतरवून घेतलें आणि दोन ठिकाणीं त्याच्या नकला ठेवल्या. काकूंचे चिरंजीव आणि सूनबाईहि आलीं होतीं.

बहुतेक चित्रें पक्ष्यांचीं होतीं, आणि त्यांपैकीं निम्मीं, आमचीं असतात तशींच, हललेलीं होतीं. अखेरचीं दहाबारा मात्र पक्ष्यांचीं नव्हतीं. गच्चीवर कुरडया घालणाऱ्या काकू त्यांत होत्या: पाठमोऱ्या, मग बाजूनें, मग कपाळावरचा घाम पुसतांना. गच्चीच्या दुसऱ्या टोंकाहून भिंग लांबवून तीं टिपलेलीं होतीं. दिवाणखान्यांत कोणी बोलेना. काकू बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटत होतें, ते शेवग्यावरचे पक्षी टिपताहेत. पदर तरी सांवरायला सांगायचा होता!" आणि हंसल्या. चिरंजीव उठून गॅलरींत गेले. कॅमेरा विकण्याचा विषय त्या घरांत पुन्हां निघाला नाहीं, असें ऐकतों.

माझा सल्ला यंत्रापुरता बिनचूक होता. तोच दुसऱ्या कोणास दिला असता तर त्यांत कांहींच बिघडलें नसतें. आमचे कॅमेरे सारखे आहेत म्हणून आमच्या अडचणीहि सारख्याच असणार, असें मीं धरून चाललों होतों, ही माझी चूक. यंत्र एकच असलें तरी प्रत्येकाच्या कार्डावर जें सांठलें आहे तें वेगळें असतें. सल्ला देणाऱ्यानें तें आधीं विचारावें. मुख्याध्यापकांस हें कळत होतें. चाळीस वर्षें एकाच पुस्तकावरून निरनिराळीं मुलें शिकविल्याचें तें फळ असावें.

आतां उशीविषयीं. काकूंच्या हातास कंप आहे, आणि दूरच्या चित्रास कंपाइतका दुसरा शत्रु नाहीं. कोणीं तिवई सुचविली, कोणीं हाताच्या काठीसारखा एकपायी टेकू. काकूंनीं सर्व ऐकून घेतलें. पुढच्या रविवारीं त्या पिशवींतून नातवाची मोहरीची उशी घेऊन आल्या. तान्ह्या बाळाच्या डोक्याखालीं आपण ठेवतों तीच. नातू आतां शाळेस जातो. त्यांनीं ती उशी दगडावर ठेवली, वर कॅमेरा टेकविला. मोहरी सरकून भिंगाखालीं घट्ट बसली. बटण दाबल्यापासून दोन सेकंदांनीं चित्र निघेल अशी योजना कॅमेऱ्यांत असतेच, ती लावून त्यांनीं हात मागें घेतला. बाजूस वळणारा पडदा वर फिरविल्यामुळें गुडघे टेकण्याचेंहि कारण पडलें नाहीं. चित्र आलें तें पाण्याच्या कडेवरच्या धोब्याचें. त्याच्या शेपटीचें पीसन् पीस मोजून घ्यावें असें. सात वर्षांत आमच्यापैकीं एकालाहि ही युक्ति सुचली नव्हती! आतां आम्हां पांचहि जणांजवळ काकूंनीं जुन्या पातळाच्या शिवून दिलेल्या उशा आहेत.

या कॅमेऱ्याच्या मागून २०१८ सालीं ३००० मिलिमीटरपर्यंत पोंचणारा पी १००० आला. २०२० सालीं कच्ची नोंद ठेवणारा पी ९५० आला. कारकुनांनीं तो दुसरा घेतला आहे. तरी ते रविवार चुकवीत नाहींत, आणि आमच्या उणिवांवर बोलतांना अद्याप "आपला कॅमेरा" असेंच म्हणतात.

तेव्हां प्रश्न विचारणाऱ्या भगिनींस माझें सांगणें असें. आपल्याच जातीचा कॅमेरा ओळखीपाळखींत कोणाकडे आहे याचा शोध घ्यावा. बहुधा एखाद्या आप्तांच्या कपाटांत तो निघेल. त्यांच्याकडे चहास जावें, आपलीं बिघडलेलीं चित्रें न लाजतां दाखवावीं, त्यांचींहि पाहावीं. चुकून एखादें कार्ड पुसलें गेलें तर घाबरूं नये. त्यावर पुढें एकहि चित्र न घेतां तें बाहेर काढून जाणत्याकडे न्यावें, पुष्कळदां चित्रें परत मिळतात. आणि कार्ड भरलें म्हणून तें पुसावयाचेंच असेल, तर त्यापूर्वीं घरांत सर्वांना एकदां विचारावें.