कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा

अमेरिकेत कुत्र्यांच्या गळ्यात गोचीड-पिसवा मारणारा पट्टा बांधतात. त्यातला 'सेरेस्टो' फार गाजला. त्यात इमिडाक्लोप्रिड असते, म्हणजे आपण कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी फवारतो तेच, जोडीला फ्लुमेथ्रिन. २०१२ पासून या पट्ट्याबद्दल तिथल्या सरकारकडे ७५,००० वर तक्रारी जमल्या, त्यांत सुमारे १,७०० पाळीव जनावरांचे मृत्यू, हे २०२१ साली वर्तमानपत्रांनी बाहेर काढले.

तक्रार म्हणजे पुरावा नव्हे, हे कबूल. पट्टे कोट्यवधी विकले गेले, आणि कुत्रे दुसऱ्या कारणानेही मरते. २०२३ साली सरकारने विक्री चालूच ठेवली; पण परवाना पाच वर्षांपुरता केला आणि वेष्टनावर इशारा छापायला लावला. तक्रारी लिहून ठेवल्या होत्या म्हणून एवढे तरी झाले. आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, तेव्हा दोष कोणावर आला? हातमोजे न घालणाऱ्यावर! कुत्र्याला निदान तसे कोणी म्हटले नाही.

आणि हो, पंपात उरलेले औषध गोचिडांसाठी कुत्र्या-बैलाच्या अंगावर ओतू नका. ते पिकाचे आहे, जनावराचे नव्हे. गुरांच्या डॉक्टरला विचारा.