छोट्या इमारतींना ‘रेरा’चे कवच केव्हा?

अहिल्यानगरचे नागापूर हे औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले उपनगर. येथे किंवा अशाच एखाद्या उपनगरात कामगार आयुष्याची पुंजी आणि बँकेचे कर्ज एकत्र करून दोन खोल्यांची सदनिका घेतो, तेव्हा कायदा आपल्या पाठीशी आहे, असे तो गृहीत धरतो. इमारत लहान असेल, तर मात्र हा समज बऱ्याच अंशी फोल ठरतो.

महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून ‘रेरा’ कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. नोंदणीशिवाय सदनिकांची जाहिरात वा विक्री करण्यास त्याने मज्जाव केला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करणे बंधनकारक झाले. तथापि, भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणीतून सूट आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. महानगरांतील टोलेजंग संकुलांच्या दृष्टीने ही मर्यादा किरकोळ असली, तरी लहान शहरांत चार-सहा सदनिकांच्या इमारती याच मापात बसतात.

या ग्राहकांना आधार उरतो तो १९६३ च्या ‘मोफा’ कायद्याचा आणि ग्राहक आयोगाचा. ‘मोफा’नुसार नोंदणीकृत करारापूर्वी २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ‘रेरा’त हीच मर्यादा १० टक्के आहे. बिल्डरने जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण करून देण्यास टाळाटाळ केल्यास २००८ च्या दुरुस्तीनुसार मानीव अभिहस्तांतरणाचा मार्गही खुला आहे. अर्थात, कायद्यात हक्क असणे वेगळे आणि तो वेळेत पदरात पडणे वेगळे.

मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे. सदनिकांचा ताबा १९९७ मध्ये मिळाला, पण बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र मिळवून दिले नाही. परिणामी रहिवाशांना मालमत्ता कर व पाणीपट्टी जादा दराने भरावी लागली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली होती. भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणे ही सेवेतील त्रुटी असून ही चूक प्रमाणपत्र मिळेपर्यंत सुरूच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी दिला आणि तक्रार गुणवत्तेवर ऐकण्यासाठी आयोगाकडे परत पाठविली. ताबा मिळाल्यानंतर पंचवीस वर्षांनी रहिवाशांच्या पदरात पडला तो केवळ दाद मागण्याचा अधिकार! मुंबईतील संघटित संस्थेची ही अवस्था असेल, तर सहा कुटुंबांच्या इमारतीने एवढा लढा कोणत्या बळावर द्यावा?

यावर उपाय कायद्यातच आहे. ५०० चौरस मीटर वा आठ सदनिकांची ही मर्यादा आवश्यकतेनुसार कमी करण्याचा अधिकार ‘रेरा’च्या तिसऱ्या कलमाने राज्य सरकारला दिला आहे. छोट्या व्यावसायिकांवर कागदपत्रांचा बोजा पडेल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु त्यांच्यासाठी नोंदणीची पद्धत सोपी करता येईल. तोवर नोंदणीकृत करार, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची खातरजमा ग्राहकालाच करावी लागणार. घर लहान असले, तरी त्यात अडकलेली पुंजी लहान नसते, हे सरकारने लक्षात घेणे अगत्याचे आहे.