सोडवणूक म्हणजे सोशिकपणा नव्हे

ख्रिस्ताच्या क्रुसाविषयी मराठी समीक्षेत एक कल्पना इतकी रुळली आहे की तिच्यापाशी कोणी थांबत नाही. दुःख सोसल्यानेच माणूस मुक्त होतो, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा असल्याचे आपण गृहीत धरतो. कथेत सोशीक नायिका भेटली की तिच्या सहनशीलतेला ‘ख्रिस्ताचे बलिदान’ म्हणायचे आणि मोकळे व्हायचे, ही वर्गातली सर्रास रीत. आम्हीही ती पाळली आहे, उत्तरपत्रिकांत अशा वाक्यांना गुणही दिले आहेत. म्हणूनच स्पष्ट लिहितो : हा अर्थ बायबलवर लादलेला आहे.

सुरुवात शब्दांपासून करू. हिब्रू बायबलात सोडवणाऱ्याला ‘गोएल’ म्हणतात. गोएल म्हणजे जवळचा नातलग. लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात गरिबीने भाऊबंदाची जमीन गेली तर ती परत घेणे आणि तो स्वतः परक्याचा दास झाला तर मोल देऊन त्याला सोडवणे, हे नातलगाकडे येते. रूथच्या कथेत बवाज गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर असाच व्यवहार करतो. मिसरच्या दास्यातून इस्राएलला सोडवण्याचे वचन देव देतो, तेव्हाही हेच क्रियापद येते. ‘गहाण सोडवणे’ हा आपला वाक्प्रचार या अर्थाच्या किती जवळचा! ख्रिस्ती मराठीतला ‘तारण’ हा शब्द सावकाराच्या वहीतही भेटतो, हेही विचार करायला लावणारे आहे. त्याऐवजी ‘मोक्ष’ म्हटले की जन्ममरणाचा फेरा आत शिरतो आणि ऋण, दास्य व नाते या तिन्ही गोष्टी हातून निसटतात.

बळीचेही तसेच. लेवीयाच्या 16 व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणले जातात. एकाचा वध होतो, दुसरा लोकांची पापे माथ्यावर घेऊन रानात जातो. या विधीत महत्त्व रक्ताला आहे, कारण जीव रक्तात असतो अशी त्यामागची श्रद्धा. पशूच्या वेदनेला तिथे मोल नाही. पुढे होशेय संदेष्टा यज्ञबळींपेक्षा दयेला वर ठेवतो आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्याच वचनाचा आधार दोनदा घेतो. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर ठामपणे सांगते की ख्रिस्ताचे अर्पण एकदाच आणि कायमचे झाले, आता दुसरा बळी नको. जे संपल्याचे हा ग्रंथ सांगतो, तेच आपण प्रत्येक सोशीक स्त्रीच्या माथी पुन्हा मारतो.

यावर आक्षेप येईल आणि तो खरा आहे. पेत्राचे पहिले पत्र दासांना ख्रिस्ताचे उदाहरण देऊन अन्याय सोसायला सांगते. ते वाचताना आम्हीही अस्वस्थ होतो आणि ते झाकून ठेवण्याची आमची इच्छा नाही. मात्र दासाच्या सोसण्याने कोणाची सोडवणूक होते, असे तेही पत्र म्हणत नाही. उलट करिंथकरांना लिहिताना पौल बजावतो की तुम्हांला मोल देऊन घेतले आहे, तेव्हा माणसांचे दास होऊ नका. मार्कच्या शुभवर्तमानातली ‘खंडणी’ कोणाला दिली, यावर शतकानुशतके वाद झाला. ओरिजेनने ती सैतानाला दिल्याचे मानले. आन्सेल्मने 1098 च्या सुमारास देवाच्या मानाचे ऋण फेडण्याची उपपत्ती मांडली. उत्तरे बदलली, तरी बंधनातून सुटका हा प्रश्न सुटला नाही.

आपल्याकडे हा अर्थ पंडिता रमाबाईंनी जगून दाखवला. 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवा यांना त्यांनी आश्रय दिला. केडगावच्या त्या वसाहतीचे नाव ‘मुक्ती’. तिथे छप्पर होते, अन्न होते, शिक्षण आणि हातांना काम होते. विधवेने सोसत राहावे, असा उपदेश त्यांनी केला नाही. मूळ हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये तो अनुवाद प्रसिद्ध झाला.

तेव्हा यापुढे उत्तरपत्रिकेत ‘ख्रिस्तासारखे बलिदान’ दिसले, तर गुण देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : कोणाला सोडवले? कशातून सोडवले? मोल कोणी भरले? या कथेत कोणीच सुटले नसेल, तर तिथे फक्त छळ आहे. त्याला क्रुसाचे नाव देऊन पवित्र करण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांना कोणी दिला?