काउंटरपाशी गप्प बसणारे आपण

सीमाभागातल्या दिवाळी अंकात लेख लिहायचा म्हणजे सरकारवर लिहायचा, अशी आपली रीत आहे. लिहायलाच हवे. १ नोव्हेंबर १९५६ पासूनचे हे दुखणे आहे, २००४ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ते विसरा असे मी कुणालाही सांगणार नाही. पण यंदा मला आपल्याच माणसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आहे. पहिला आरोपी मी.

माझा धंदा कास्टिंगचा. २०२३ च्या पावसाळ्यात येणे वसूल करायला बेळगावहून हुबळीला गेलो होतो. ‘चेक उद्या सकाळी’ असे पार्टीने सांगितले, म्हणून स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजवर मुक्काम केला. असली लॉज फिरतीवरच्या माणसाला पाठ असतात. जिन्याखाली काउंटर, भिंतीवर देवाच्या फोटोपुढे लाल दिवा, गरम पाणी फक्त सकाळी. आधार दाखवले, रजिस्टरमध्ये नाव लिहिले आणि खोली झाडून होईपर्यंत पेपर चाळत बाकावर बसलो.

तेवढ्यात एक म्हातारे जोडपे भिजत आत आले. बोलण्यावरून खानापूरकडचे. सकाळी दवाखान्यात नंबर लावायचा होता. आजोबांनी आधारची झेरॉक्स पुढे केली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “इदु नडियंगिल्ल, ओरिजिनल कोडरी.” त्यात उद्धटपणा नव्हता. झेरॉक्स चालत नाही, मूळ कार्ड द्या, इतकेच. आजोबांना त्यातले ‘इल्ल’ तेवढे समजले. “जागा न्हाई म्हणतोय,” असे बायकोला सांगून ते वळले आणि दोघे पुन्हा पावसात गेले.

मला कानडी येते. माझे एक वाक्य पुरले असते. मी पेपर वाचत राहिलो. परक्या गावात चारचौघांत आपली मराठी ऐकू जाऊ नये, उगाच कुणाची नजर नको, एवढेच मनात होते. त्या पोराशी मी स्वतःसुद्धा हिंदीत बोललो होतो.

सकाळी चहाला स्टेशनवर गेलो, तर दोघे तिथेच. १,५०७ मीटर लांबीचा तो फलाट जगातला सर्वांत लांब म्हणून २०२३ च्या मार्चमध्येच गाजला होता. त्याच्या एका कडेला चादर अंथरून त्यांनी रात्र काढली होती. विचारपूस केली. मूळ कार्ड आजींच्या पिशवीतच होते! आजींनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “तुमी काल तितंच बसला हुता न्हवं? मराठी येतंय व्हय तुमाला?”

वाचकहो, सरकारच्या कुठल्याही परिपत्रकाने मला एवढे खाली मान घालायला लावलेले नाही.

काही जण म्हणतील, लॉजवाल्याने मराठी जाणणारा माणूस ठेवायला हवा होता. का म्हणून? राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क दिला आहे, तो सरकारदरबारी. ३५० अ कलम प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे. हे हक्क कार्यालयात आणि शाळेत ठणकावून मागावेत. पगारावर राबणारा एक पोरगा आपल्या गावात आपली भाषा बोलला, हा त्याचा गुन्हा कसा? गुन्हा त्याच्यासमोर बाकावर बसलेल्याचा होता.

दुसरे काही जण म्हणतील, कानडी बोलणे म्हणजे शरण जाणे. हा आपला जुना खोटेपणा आहे. दुकानात गिऱ्हाईक आले की आपल्याला कानडी येते, वसुलीला गेलो की येते. सभेत मात्र येत नाही! दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरी मराठी बोलत, आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड कवी म्हणून मिळाला. कुठली भाषा बुडाली? आपण ज्याला तूप म्हणतो ते कानडीतले ‘तुप्प’. ‘नडियंगिल्ल’ शब्दाची फोड केली, तर तो आपल्याच ‘चालत नाही’चा भाऊ निघतो. इतक्या जवळच्या भाषेतला ‘इल्ल’ एवढा एकच शब्द आपल्या माणसांपर्यंत पोचावा, यात दोष कुणाचा?

आणि तिसरी जात माझ्यासारख्यांची, सर्वांत वाईट. दोन्ही भाषा येतात आणि दोन्ही लपवतो. मराठीची लाज वाटते, कानडीचा राग दाखवायचा असतो, म्हणून मध्येच हिंदीची छत्री उघडतो. त्या छत्रीखाली आपण कोरडे राहतो, आजोबा-आजी भिजतात.

भाषा टिकवायची ती कुणासाठी? ज्या माणसांना तिच्यावाचून दुसरी नाही, त्यांच्यासाठी आधी. सभेत त्यांच्या नावाने घोषणा देणारे आपण रात्री नऊ वाजता काउंटरपाशी त्यांना ओळख दाखवत नसू, तर त्या घोषणा पोकळ आहेत.

तेव्हा फिरतीवर जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. लॉजच्या रजिस्टरमध्ये सही मराठीत करा. काउंटरवरच्या माणसाशी नीट कानडीत बोला, त्यालाही बरे वाटेल. आणि शेजारी आपल्या भाषेतला माणूस अडलेला दिसला, तर पेपर खाली ठेवून उठा.