बहिऱ्या बालकाची पहिली भाषा

“अमक्याच्या बहिऱ्या मुलाच्या कानात यंत्र बसविले; आता त्याला सारे ऐकू येते,” अशी वार्ता अलीकडे आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातही अधूनमधून कानी येते. या शस्त्रक्रियेचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. परंतु २००७ साली तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने सुरू केलेल्या आरोग्यश्री योजनेत लहान मुलांसाठी तिची सोय झाली, तेलंगण राज्य झाल्यावरही ती राहिली, आणि हैद्राबादेस कोठी येथील सरकारी कान-नाक-घसा रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात. ही गोष्ट आनंदाची खरी. पण वार्तेचा उत्तरार्ध तितकासा खरा नव्हे, आणि त्यावर विसंबणाऱ्या घरात मुलाचे फार नुकसान होते, असे माझे मत आहे.

आपल्या अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळणे घेतलेली एक नळी असते. तीतील केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे संदेश बनवून मज्जातंतूंच्या हवाली करतात. यांतील मुख्य पेशी एका कानात सुमारे साडेतीन हजार. त्या निकामी असल्या म्हणजे कानाशी कितीही ओरडले तरी व्यर्थ. ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ या पेशींना वगळून एका बारीक तारेने थेट मज्जातंतूस चेतविते. ही तार वळणावळणाच्या नळीत आतवर सरकवावी कशी, हे कोडे मेलबर्नचे ग्रेअम क्लार्क यांना समुद्रकिनारी एका शंखात गवताची पाती घालून पाहताना सुटले, आणि १९७८ साली त्यांनी आपल्या यंत्राची पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांचे वडीलही कानांनी अधू होते.

पण या तारेवर विजेचा स्पर्श करणारी ठिकाणे असतात किती? साधारणतः बारा ते बावीस. हजारांचे काम बाविसांनी करावयाचे! शिवाय एका ठिकाणची वीज शेजारच्या तंतूंवरही पसरते. बोटाऐवजी कोपराने पेटी वाजवावी, तसा हा प्रकार होय. म्हणून दिवाळीत दंडारीच्या ढोलाचा ठेका अशा मुलास चटकन सापडतो. परंतु भजनाची चाल, स्वराचा बारीक चढउतार, त्याच्या हाती सहसा लागत नाही. जत्रेच्या गर्दीत जवळचे बोलणेही त्याला निवडता येत नाही, आणि यंत्र एकाच कानास असेल तर हाक कोठून आली हेही कळत नाही.

ज्याने चाळीस वर्षे ऐकले आणि मग कान गमावले, अशा प्रौढास आरंभी पत्नीचा आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा, किंवा पाखराच्या चिवचिवीसारखा वाटतो. त्याच्याजवळ जुनी आठवण असते. तिच्याशी ताडून पाहता पाहता काही महिन्यांत तो आवाज पुन्हा ओळखीचा होतो. जन्मतः बहिऱ्या बालकाजवळ ताडून पाहावयास काहीच नसते. त्याला जे मिळते तोच त्याचा ध्वनी. यंत्र प्रथम चालू होते त्या दिवशी पुष्कळ मुले रडतात. भोवतालचे लोक मात्र ते मूल आता ‘आई’ म्हणेल म्हणून वाट पाहत असतात.

‘माप’, ‘बाप’ आणि ‘पाप’ हे शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठांवरून तिन्ही एकच दिसतात. हा भेद कानाने शिकावा लागतो, आणि तो शेकडो वेळा, पाणी भरताना, भाकरी वाढताना, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा बांधताना ऐकला तरच मेंदूत ठसतो. त्यातही पहिली दोन-तीन वर्षे मोलाची. पुढे पुढे मेंदूची ही तयारी ओसरत जाते.

येथे आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न उभा राहतो. वाणीचे शिक्षण देणारे शिक्षक सहसा सुमारे ३०० किलोमीटरांवरील हैद्राबादेत, आणि त्यांची भाषा तेलुगू किंवा हिंदी. मग घरच्यांस सल्ला मिळतो की, मराठी सोडा, मुलाशी तेलुगूतच बोला. हेतू चांगला असतो. एका अधू कानावर दोन भाषांचे ओझे नको, असा त्यामागील विचार. पण ज्या मातेला तेलुगूची चारच वाक्ये येतात, ती दिवसभर त्या चार वाक्यांपलीकडे काय बोलणार? ती गप्प बसेल. आठवड्यातून एखादा तास शिक्षकाचा. उरलेला सारा वेळ आईचा, आजीचा, भावंडांचा. तो मुका करून तेलुगू येत नाही, आणि मराठीही जाते. गोंडी बोलणाऱ्या घरासही हेच लागू आहे. प्रथम घरची भाषा भरपूर मिळू द्यावी. तेलुगू शाळेत आणि अंगणात मागाहून येईल, जशी ती आपणा सर्वांना आली.

ज्यांना यंत्राचा उपयोग होत नाही किंवा वेळ निघून गेली, त्यांच्यासाठी हातांची भाषा आहेच, आणि ती कमी प्रतीची नव्हे. यंत्रवाल्या मुलासही ती लागते. स्नानाच्या व निद्रेच्या वेळी यंत्राचा बाहेरचा भाग काढून ठेवला की तेही नीरव जगातच असते.

आम्हा शिक्षकांचेही थोडे सांगितले पाहिजे. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची खोड मला आहे. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असताना मी अशा वेळी काय शिकवितो, ते पहिल्या बाकावरील धड कानांच्या मुलासही पुरते कळत नाही.