मोबाइलच्या आधी मैदान गेले

पालकसभा कोणत्याही माध्यमिक शाळेची असो, थोड्या वेळात विषय मोबाइलवर येतोच. मुले खेळत नाहीत, मैदाने ओस पडली आणि हे सारे मोबाइलने केले, असे एखादे पालक उठून सांगतात. बाकीचे माना डोलावतात, मुख्याध्यापक दुजोरा देतात. पुढची मागणीही ठरलेली असते: बंदी घाला. यातला निम्मा भाग मला मान्य आहे. शाळेच्या वेळात विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल नसावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण मैदान मोबाइलने रिकामे केले हे विधान चुकीचे आहे, आणि निदानच चुकल्यावर त्यावर बेतलेला उपाय लागू पडणे कठीण.

आधी आकडे पाहू. 11 ते 17 वर्षांच्या मुलामुलींना रोज किमान 60 मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या संघटनेच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2016 साली जगातल्या 81 टक्के मुलांची तेवढी हालचाल होत नव्हती. भारतात हे प्रमाण सुमारे 74 टक्के होते. साल लक्षात घ्या. जिओची सेवा सुरू झाली 2016 च्या सप्टेंबरात. स्वस्त डेटा आपल्या गावागावांत पोचला तो त्यानंतर. त्याच अभ्यासात 2001 सालचेही आकडे आहेत: जगभरातले सुमारे 80 टक्के मुलगे आणि 85 टक्के मुली तेव्हाही पुरेशा हलत-धावत नव्हत्या. 2001 मध्ये कोणत्या विद्यार्थ्याच्या खिशात स्मार्टफोन होता? मुले आधीच मैदानाबाहेर गेलेली होती. मोबाइल नंतर आला आणि त्या रिकाम्या जागेत पाय पसरून बसला.

मग मैदान कोणी काढून घेतले? उत्तर शाळेच्या वेळापत्रकात सापडते. नववी-दहावीच्या कोणत्याही वर्गाबाहेर चिकटवलेला कागद वाचा. आठवड्यात पीटीचे एक-दोन तास लिहिलेले असतात, बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतरच्या उन्हात किंवा शनिवारच्या शेवटी. जून-जुलैत पाऊस म्हणून मुले वर्गातच बसतात. ऑगस्टमध्ये गणिताचे सर दारात येऊन म्हणतात, आजचा तास मला द्या, पोर्शन मागे पडलाय. दिवाळीनंतर ते विचारतही नाहीत. सराव परीक्षा सुरू झाल्या की दहावीसाठी पीटी कागदापुरतीच उरते. तरी वर्षाअखेर आरोग्य व शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात श्रेणी भरली जाते, कारण हा विषय टक्केवारीत धरला जात नाही आणि श्रेणी शाळेनेच द्यायची असते. मैदानावर एकदाही घाम न गाळलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘अ’ येतो. ही फसवणूक आपण सगळे मिळून करतो, आणि मुलाला त्यातून कळायचे ते कळते: खेळाला किंमत नाही.

जागेची गोष्ट वेगळी नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान आवश्यक ठरवले, पण तो कायदा आठवीपर्यंतच. नववी-दहावीची मुले, जेव्हा अंगात सर्वाधिक रग असते तेव्हा, त्याच्या कक्षेबाहेर राहतात. शहरात शाळेच्या पटांगणावर नवी इमारत उठते, उरलेल्या तुकड्यात शिक्षकांच्या दुचाकी लागतात. गावात मैदान मोठे असते, पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप पडते आणि लग्नसराईत तिथे मंडप उभा राहतो. संध्याकाळचे दोन-तीन तास क्लासने आधीच बांधून ठेवलेले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने खेळायचे ठरवले, तरी कुठे आणि कधी, याचे उत्तर कोणी देत नाही.

यावर एक बचाव हमखास ऐकू येतो: आमची शाळा खेळात पुढे आहे, आमचे खेळाडू विभागाला जातात, राज्याला जातात. जातात, आणि त्यांचा अभिमान असायलाच हवा. कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी, कुस्तीगीर खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमधून कांस्यपदक घेऊन आले. कोल्हापूर जिल्ह्यातला नेमबाज स्वप्नील कुसाळे क्रीडाप्रबोधिनीतून घडला आणि 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदकाचा मानकरी ठरला. पण निवडक खेळाडूंच्या पदकांवरून शाळेतली साडेसातशे मुले खेळतात की नाही, हे ठरत नाही. शालेय स्पर्धांच्या हंगामात काय होते ते पाहा. क्रीडाशिक्षक एकटा असतो. तो संघ निवडतो, सराव घेतो, फॉर्म भरतो, मुलांना घेऊन तालुक्याला जातो. संघातल्यांना सवलतीचे क्रीडा गुण मिळतात, बोर्डाच्या निकालात ते जास्तीत जास्त 25. ज्यांची निवड झाली नाही त्यांना त्या दिवसापासून मैदानावर काम उरत नाही. ती मुले कडेला उभी राहतात, मग बसतात, आणि पुढच्या वर्षी तीच मुले मोबाइलवर असतात म्हणून आपण त्यांना बोल लावतो.

त्यातही मुलींबद्दल मला जास्त पोटतिडकीने लिहायचे आहे. सातवीपर्यंत धावणारी, झाडावर चढणारी मुलगी आठवी-नववीत एकाएकी मैदानाच्या कडेला येते. ओढणी सावरत धावता येत नाही. कपडे बदलायला खोली नाही. स्वच्छतागृहात पाणी नाही, कडी नाही, म्हणून पाळीच्या दिवसांत ती शाळेतच येत नाही, मैदान तर लांबच. मुलगे मधला भाग व्यापून क्रिकेट खेळतात आणि बाईंनी मुलींना कडेला लंगडी घ्यायला सांगितलेले असते. घरून बजावलेले असते, सुटली की थेट घरी. या यादीत मोबाइल कुठे आहे? कुठेच नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या महिला संघाने तो जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ज्या राज्याची मुलगी जगज्जेत्या संघाची कर्णधार होते, तिथल्या शाळेत ट्रॅकपँटची परवानगी आणि कडी लागणारे दार यांसाठी मुलींना अडून राहावे लागते, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. काही शिक्षक आणि बरेच पालक सांगतात की मोबाइल आता अभ्यासाचे साधन आहे, शाळेत तो अडवणे मागासपणाचे ठरेल. हेही मला पटत नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या 57 टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी 76 टक्क्यांनी. वापराचा कल स्पष्ट आहे. युनेस्कोच्या 2023 च्या अहवालात नोंदवले आहे की एकदा लक्ष विचलित झाले की ते पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. दप्तरात एक फोन थरथरला की निम्मा तास गेला. घरी तातडीचा निरोप द्यायचा तर शाळेच्या कार्यालयात फोन आहे. तेव्हा मोबाइल घरी ठेवा किंवा सकाळी वर्गशिक्षकांकडे जमा करा. यात सवलत नको.

पण हीच शाळा दुपारी काय करते? गृहपाठ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकते, प्रश्नपेढीची पीडीएफ पाठवते, आणि उद्या गणवेश की रंगीत कपडे हेही तिथेच कळवते. 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा याला पर्याय नव्हता, ते मान्य. शाळा उघडून इतकी वर्षे झाली तरी ती सवय आपण सोडली नाही. रात्री नऊला ग्रुपवर गृहपाठ टाकायचा आणि सकाळी मोबाइलचे दुष्परिणाम या विषयावर निबंध लिहून घ्यायचा, हे मुलांना दिसते. फळ्यावर लिहिलेला गृहपाठ वहीत उतरवून घ्यायला पाच मिनिटे लागतात.

मोठ्यांनी स्वतःला वगळून केलेली बंदी मुले मानत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद, तेही साऱ्या गावाचे. मुलांनी अभ्यास करावा म्हणून आईची मालिका आणि बापाचे रील दोन्ही थांबतात. या निर्णयाचे बळ तिथे आहे.

मग करायचे काय? मला वाटते, पाचवी ते दहावी प्रत्येक तुकडीला रोज एक तास मैदान, आणि तो तास कोणत्याही विषयशिक्षकाला उसना द्यायचा नाही, दहावीच्या फेब्रुवारीतही नाही. पैसे नाहीत ही सबब मी ऐकून घेणार नाही. खो-खोला 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद सपाट जमीन, दोन खांब आणि घमेलेभर फक्की लागते. चार मुले सुतळी धरतात, दोघे फक्की सोडत जातात आणि थोड्या वेळात मैदान आखून होते. आखायलाही मुलांनाच लावा, ते मैदान त्यांचे होते. संघनिवडीसोबत वर्गावर्गांचे सामने वर्षभर चालू द्या, म्हणजे जाड, बुटका, चष्मेवाला, कधीच न निवडला गेलेला मुलगाही मैदानात उभा राहील. मुलींना मैदानाचा मधला भाग ठरावीक दिवशी पूर्ण द्या.

आणि मोबाइललाही मैदानावर काम आहे, क्रीडाशिक्षकाच्या हातात. केनियाचा ज्युलियस येगो यूट्यूबवरच्या चित्रफिती पाहून भालाफेक शिकला आणि 2015 मध्ये जगज्जेता झाला. लांब उडीत मुलीचा पाय फळीच्या पुढे पडतो, हे सरांनी चाळीस वेळा ओरडून सांगण्यापेक्षा तिचीच उडी सावकाश गतीने एकदा दाखवली तर तिला जास्त कळते. प्रशिक्षक नसलेल्या गावातल्या शाळेला याचा मोठा आधार आहे.

पुढच्या पालकसभेत मोबाइलचा विषय निघेल तेव्हा पालकांनी उठून तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या मुलीचा पीटीचा तास गेल्या महिन्यात किती वेळा झाला? तो कोणी घेतला? आणि शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.