प्रश्नोत्तरी उरली, पुराण गेले

ख्रिस्ती शाळेत मुले काय शिकतात, या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे आहेत. पालक म्हणतात, इंग्रजी आणि शिस्त. संशयी मंडळी म्हणतात, परक्या धर्माचे छुपे संस्कार. पाचवी ते आठवीच्या वर्गांत प्रत्यक्ष काय शिकवले जाते, याची फारशी चौकशी न करता ही दोन्ही उत्तरे दिली जातात. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. या वर्गांतल्या बहुसंख्य मुलांच्या वाट्याला आज धर्म जवळजवळ येतच नाही. पण धर्माबरोबर साहित्यही निघून गेले आहे, आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी खंत करावी ती याची.

महाराष्ट्रातील शहरांमधल्या इंग्रजी माध्यमाच्या अनेक कॅथलिक शाळांत एक परिचित व्यवस्था असते. ठरलेल्या तासाला कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची 'मॉरल सायन्स'ला किंवा मूल्यशिक्षणाला बसतात. ही विभागणी योग्यच आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य वा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. तक्रार विभागणीबद्दल नाही. तिच्यातून जो दुसरा विषय तयार झाला, त्याच्या स्वरूपाबद्दल आहे. प्रामाणिकपणा, आज्ञाधारकपणा, परोपकार असे धडे. प्रत्येक धड्यात एक छोटी गोष्ट. गोष्टीखाली 'यावरून आपण काय शिकलो?' हा प्रश्न. आणि त्याचे एका वाक्यातले उत्तर. गोष्ट येते ती त्या उत्तरापुरती.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त घ्या. मूल्यशिक्षणात त्याचा अर्थ 'संकटात सापडलेल्याला मदत करावी' एवढा उरतो. तेवढेच सांगायचे असते तर शोमरोन्याची गरज काय होती? कोणीही भला वाटसरू चालला असता. शेजारी कोणाला म्हणायचे, असा प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला आहे, आणि उत्तरादाखल ही गोष्ट येते. जखमी माणसाला पाहून याजक बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो. थांबतो तो ज्याच्याशी श्रोत्यांच्या समाजाचे पिढीजात वैर आहे असा माणूस. शेवटी येशू प्रश्नच फिरवतो आणि उत्तर शास्त्र्याच्याच तोंडून वदवून घेतो. म्हणजे गोष्टीचा सगळा जोर मदतीवर नाही, मदत करणाऱ्याच्या जातकुळीवर आहे. ज्या देशात कोणाच्या हातचे पाणी चालते याचे शास्त्र होते, तिथल्या बारा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट किती जवळून कळली असती! पण बोधाच्या एका ओळीत शोमरोनीच नाहीसा होतो.

उधळ्या पुत्राचेही तेच. 'चूक कबूल केली की क्षमा मिळते' हा बोध धाकट्या मुलाच्या परत येण्यापाशी संपतो. गोष्ट तिथे संपत नाही. थोरला मुलगा शेतातून येतो, घरातला जल्लोष ऐकतो आणि रागावून दाराबाहेर उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. भावंडांमधला न्याय-अन्याय ज्या वयात सर्वांत जास्त टोचतो, त्या वयातल्या मुलांसाठी खरी गोष्ट त्या दाराशी आहे. शेवट उघडा ठेवणारी कथा म्हणजे काय, हे आपण पदव्युत्तर वर्गात परिभाषेच्या आधाराने शिकवतो. सातवीतल्या मुलाला ते परिभाषेवाचून कळू शकले असते.

हे असे का झाले, याला इतिहास आहे. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतला नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून मोठा गहजब उडाला. श्रीपत अल्पवयीन होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष पत्करला. शाळकरी वयाच्या मुलावरून झालेला हा वाद ख्रिस्ती शाळांविषयीच्या आपल्या भीतीचा एक मूळ प्रसंग आहे, आणि ती भीती निराधार नव्हती. दुसऱ्या बाजूला जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले, आणि मिस फरार यांच्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळेचा कित्ता त्यांच्यासमोर होता, हाही इतिहासच आहे. पुढे शाळांनी वादाची जागा टाळली आणि पालकांनी इंग्रजी पदरात पाडून घेतले. मूल्यशिक्षण ही या तडजोडीची भाषा आहे: कोणालाच न दुखावणारी, आणि म्हणून कोणालाच न भिडणारी.

यापूर्वी याच प्रदेशात, याच समस्येचे एक वेगळे उत्तर दिले गेले होते. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाच्या नावावर दोन प्रमुख ग्रंथ आहेत. एक कोकणीतली 'दौत्रिना ख्रिस्तां', म्हणजे श्रद्धेची तत्त्वे सांगणारी प्रश्नोत्तरी. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला छापली गेली. दुसरा 'ख्रिस्तपुराण', १६१६ मध्ये तिथेच छापलेला, मराठी ओवीतला, दहा हजारांहून अधिक ओव्यांचा. ज्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली त्या नवख्रिस्त्यांना वाचायला काही हवे होते. त्या मागणीतून तो उभा राहतो. काढून घेण्यामागची सत्ता आपण विसरू नये. पण ज्यांच्या कथा गेल्या त्यांचे पोट निव्वळ तत्त्वांनी भरत नाही, त्यांना कथाच द्यावी लागते, आणि ती त्यांच्या भाषेत व त्यांच्या छंदात द्यावी लागते, हे स्टीफन्सला कळले होते. आजच्या ख्रिस्ती शाळेने त्याच्याकडून प्रश्नोत्तरीची रीत तेवढी उचलली; पुराण सोडून दिले.

परिणाम असा, की या शाळांतून आलेल्या पुष्कळ मुलांच्या मनात ख्रिस्ती धर्म इंग्रजी बोलतो. तो चारशे वर्षे मराठीही बोलत आला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. मिशनच्या शाळांत शिकलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. ते बोधाच्या भाराने वाकलेले आहे खरे, पण विधवांच्या हालांचे तपशील तो भार पेलून उभे राहतात. रेव्हरंड टिळकांची भजने मराठी उपासनेत मुरली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त सोवळेओवळे कसे गळून पडते ते हसतखेळत सांगितलेले आहे. तिथे बोधाची ओळ शोधावी लागते, आणि म्हणूनच ती लागते. 'सुबोध बायबल'कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच परंपरेतले.

यावर आक्षेप येईल, की हा तर मागच्या दाराने धर्म आत आणणे झाले. तसे नाही. माझी मागणी मूल्यशिक्षणाच्या तासाबद्दल नाही, मराठीच्या तासाबद्दल आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे तो तास प्रत्येक ख्रिस्ती शाळेत आहे. तिथे 'ख्रिस्तपुराणा'तल्या काही ओव्या ज्ञानेश्वरांच्या ओवीशेजारी ठेवून वाचता येतील. 'स्मृतिचित्रां'तली चार पाने वाचता येतील. शोमरोन्याची गोष्ट कथा म्हणून, चोखोबांच्या अभंगाच्या सोबतीने शिकवता येईल. त्यासाठी श्रद्धा लागत नाही. वाचणारा शिक्षक लागतो, आणि तो घडवण्याचे काम आपल्या महाविद्यालयांचे आहे. गोष्ट सांगून झाल्यावर 'आपण काय शिकलो?' हे विचारण्याची घाई त्याने करू नये. थोरला भाऊ आत गेला असेल का, एवढेच विचारावे आणि वर्गाला भांडू द्यावे.